कोकोचं मटण

सुमन, माझी बायको, गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलात तिनं मला विचारलं, "कोकोनं खाल्लं का?" मी जेवलो का, ते नाही. म्हटलं, मुलगा बघतोय. तर म्हणाली, "त्याला पाकिटातलं घालू नका. त्याचं पोट थंड आहे..." हेच आमचं शेवटचं बोलणं.

कोको हा मुलाचा म्हातारा कुत्रा. इथे परदेशात, मुलाच्या गावी, फ्रिस्कोच्या उन्हाळ्यात माणूस दाराबाहेर पाय ठेवत नाही, आणि हा बॅकयार्डच्या तापल्या काँक्रीटवर पडून राहायचा. कान गार, पोट बिघडलेलं, खाण्यावर मन नाही. मुलानं त्याला जनावरांच्या एका चिनी डॉक्टरीणबाईंकडे नेलं, सुमनही गेली. बाईंनी जीभ बघितली, कान चाचपले आणि सांगितलं, याच्या अंगातली ऊब गेलीय. मेंढीचं मटण, थोडं आलं, लाल भोपळा, असं उष्ण शिजवून घाला. मुलगा फोनवर वाचत बसला. सुमनला वाचायची गरज नव्हती, उष्ण-थंड तिला आईनंच शिकवलेलं. भोपळा तेवढा आपल्यात थंड, त्यावरून ती मुलाला मध्ये घालून बाईंशी वाद घालून आली.

पण मटण? आमच्या घरात कधी अंडं आलं नाही. मी माळकरी. म्हटलं, ऊबच हवी ना, मग बाजरीची भाकरी घाल. ती म्हणाली, "अहो, माळ तुम्ही घातलीय, त्यानं नाही." आणि गॅरेजमध्ये वेगळी शेगडी, वेगळं पातेलं मांडून, नाकाला पदर लावून शिजवायला लागली. ती आंघोळ करून आल्याशिवाय मी तिच्या हातचा चहा घेत नसे. तीही बिनतक्रार दुसऱ्यांदा आंघोळ करायची. हळूहळू कोको सावलीत बसायला लागला. मी मात्र आजही म्हणतो, बाजरीनंही झालं असतं.

ती गेल्यावर सुनेनं पाकीट फोडलं. कोकोनं हुंगलं, तोंड फिरवलं आणि पुन्हा काँक्रीटवर जाऊन पडला. मुलगा म्हणाला, "बाबा, आता मीटिंग आहे, वीकेंडला बघू." मी खाली बसून कोकोचे कान धरले. गार... मुलाला म्हटलं, मीटिंग झाली की मटण आण.

आता मीच शिजवतो. कुणी म्हणू नये की म्हातारा बाटला. खातो तो, मी नाही. खाली उतरवून कोमट होऊ देतो. बाहेरून हात लावून आतलं कळत नाही, सुमन बोट बुडवून बघायची. मीही डोळे मिटून बुडवतो. मग साबण लावून हात धुतो... पण आधी त्याला वाढतो.