समज देण्यात आली

आमच्या खात्याला कायदा दोनच वेळी आठवतो: कुणी अंगावर आलं की, आणि कुणाच्या अंगावर जायचं असलं की. एरवी मी जिन्याखालच्या खोलीत फिनेलच्या कॅनशेजारी बसलेली असते. सोलापुरातल्या एका सरकारी आरोग्य कार्यालयाची मी विधी सल्लागार. साहेबांना सल्ला नको असतो, आधीच ठरलेल्या गोष्टीखाली सही हवी असते. "मॅडम, कायद्यात बसवा," हे त्यांचं आवडतं वाक्य. जणू कायदा म्हणजे सहा आसनी रिक्षा, जरा सरकून घ्या म्हटलं की कुणालाही जागा होते.

त्या वर्षी शहरात डेंग्यूनं धुमाकूळ घातला होता. खात्यानं काय केलं, तर भिंती रंगवल्या. 'दर शुक्रवारी कोरडा दिवस पाळा.' घरातली पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची, वाळवायची, म्हणजे डासांच्या अळ्या मरतात. शास्त्र बरोबर आहे. पण ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथं हा शुक्रवार कुठल्या शहाण्यानं काढला? गुरुवारी रात्री ज्या गल्लीला पाणी आलं, तिनं ते शुक्रवारी सकाळी गटारात ओतायचं का? मी बैठकीत विचारलं. साहेब म्हणाले, "पाणी हा आपला विषय नाही मॅडम. आपला विषय अळी." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग चहा आला.

पुढं पूर्व भागातल्या एका गल्लीत डेंग्यूनं एक लहान मुलगी गेली. मूल गेलं की आमचं खातं जागं होतं आणि धावत त्याच घरी जातं, सांत्वनाला नव्हे, अळ्या शोधायला. दारातल्या बॅरलमध्ये त्या सापडल्या. त्या गल्लीतल्या कुठल्याही बॅरलमध्ये सापडल्या असत्या. शिवाय घरासमोर पाइपलाइनसाठी खणून तसाच सोडलेला खड्डा होता, हिरव्या पाण्यानं भरलेला. अहवालात त्याचं नाव नव्हतं. मी निरीक्षकाला कारण विचारलं, तर तो म्हणाला, "तक्त्यात 'भांडे' असा रकाना आहे मॅडम. खड्डा भांड्यात येत नाही." त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मुलीच्या दहाव्याला खात्यानं त्या घराच्या दारावर नोटीस डकवली. आपल्या निष्काळजीपणामुळे डासोत्पत्ती होऊन बालकाचा मृत्यू ओढवला, आपणाविरुद्ध खटला का भरू नये. नोटीस मुलीच्या आईच्या नावानं होती, कारण पाहणीच्या वेळी तीच घरी होती. खटल्याचे कागद तयार करायला फाइल माझ्याकडं आली. खड्डा ज्यांनी खणला त्यांना नोटीस द्यायची कुणाची छाती नव्हती, म्हणून खापर फोडायला आई शोधली. मला इतकी किळस आली की मी ती फाइल उचलून खिडकीत ठेवली.

दोन-तीन दिवसांनी ती आई स्वतःच आली. मोहोळकडची, लग्न होऊन शहरात आलेली, घरी कडक भाकरी करून विकणारी. खुर्चीवर बस म्हटलं तरी बसेना.

"मॅडम, कोर्टाचं मला काय न्हाय," ती म्हणाली. "पर समदी गल्ली म्हणती, सरकारनंच लिवलंय, आईनंच पोरगी मारली. सासू तर बोलायचीच बंद झाली. बॅरल मीच भरला व्हता. माज्यामुळंच झालं का वो ते?"

मी वर गेले. साहेब स्वतः डॉक्टर आहेत. त्यांना विचारलं, मुलीला चावलेला डास त्याच बॅरलमधला होता, असं सांगता येईल का? ते हसले. "डासाला आधार कार्ड असतं का मॅडम?"

"मग खाली येऊन त्या बाईला तेवढंच सांगा."

हसू मावळलं. "लेखी?"

"तोंडी."

"तोंडी सांगायला कायदेशीर अडचण नाही ना?"

नाही म्हटल्यावर ते खाली आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, बॅरलमुळंच झालं असं म्हणता येत नाही. पण शक्यता नाकारताही येत नाही." मग माझ्याकडं वळून मोठ्या मनानं म्हणाले, "जाऊ द्या, खटला नको. समज देऊन सोडा." आणि गेले. सरकारी भाषेत समज देणं म्हणजे दम देणं. देणाऱ्याला स्वतःला काही समजलेलं असावं, अशी अट त्यात नाही.

"म्हंजे व्हय का न्हाय?" तिनं मला विचारलं.

एवढा शिकलेला माणूस एका आईला सरळ नाही म्हणू शकला नाही, याचा मला भयंकर राग आला. "नाही," मी म्हणाले. "तुमच्यामुळं नाही."

"मग लिवून द्या की."

मी लिहून दिलं. आईच्या हयगयीमुळे मुलीचा मृत्यू झाला असे दाखवणारा कोणताही पुरावा या कार्यालयाकडे नाही, सबब नोटीस रद्द समजावी. पहिला भाग शंभर टक्के खरा होता. दुसऱ्याचा मला काडीचाही अधिकार नव्हता. खाली सही केली, शिक्का जरा जोरातच मारला.

पुढच्या फेरीत निरीक्षकानं फोटो काढून आणला. माझं पत्र तिनं नोटिशीवरच खळ लावून चिकटवलं होतं. खड्डा न दिसणाऱ्या माणसाला ते मात्र लांबून दिसलं. माझा खुलासा मागवला गेला आणि शेवटी पत्र आलं, 'आपणांस सक्त समज देण्यात येत आहे.' ते मी फिनेलच्या कॅनखाली घातलं, ओल यायची तिथं.

एका शुक्रवारी मी त्या गल्लीत गेले. खड्डा तसाच होता. बॅरल भरलेला होता, वर जुनं लुगडं घट्ट बांधलेलं. उंबऱ्यावर सासू बसली होती. तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं.

"ए बाई, वाचता येतं का तुला?" तिनं हाक मारली. "दारावर काय लिवलंय तेवढं वाच की."

मी माझंच पत्र वाचायला लागले. 'कोणताही पुरावा नाही' इथवर आले, तशी तिनं हात वर करून मला थांबवलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तोही थांबला.

"तेवढंच परत वाच," सासू म्हणाली. "जरा मोट्यानं वाच. आत सून हाय माजी, तिला आयकू जाऊ दे."

मी परत वाचलं.