बोरीची हर्रास आणि आरशांची पिशवी

"जानेवारीत ये. थंडीही असते आणि तुझी पर्स हलकी करायची सोयही," असं कमल फोनवर म्हणाली आणि मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

कमल म्हणजे कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात माझ्या शेजारच्या कॉटवर झोपणारी मैत्रीण. तिचा बंजारा तांडा बोरी अरबजवळ आहे. तिथले लोक मिळून एक गाडी चालवतात. ती डायलिसिसच्या पेशंटना आठवड्यातून दोनदा यवतमाळला फुकट नेते-आणते. गाडीचं इंजिन कामातून गेलं होतं आणि त्यासाठी शाळेच्या मैदानावर जत्रा भरायची होती. कमलची धाकटी बहीण जमुना याच गाडीने जायची. तीन आठवडे ती एसटीने जात होती आणि परतताना प्रत्येक वेळी उलट्यांनी बेजार होत होती.

पुण्याहून रेल्वेने बडनेरा, तिथून यवतमाळची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मैत्रिणींनो, सबबी सांगू नका. नेरला बस थांबते तेव्हा आलूबोंडा खाऊन घ्या. वर तर्री हवी तेवढी मिळते, नाकाचं पाणी मात्र आपलं आपण आवरायचं. पुढे रस्ताभर कापसाच्या गाड्या, आणि त्या घासून गेल्यामुळे बाभळींच्या काट्यांवर अडकलेले पांढरे पुंजके. यवतमाळहून दारव्ह्याच्या बसने तासाभरात बोरी. गावात लॉज शोधू नका, यवतमाळला किंवा दारव्ह्याला उतरा. मी अर्थातच कमलकडे.

जमुना अंगणात उन्हाला बसली होती. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुईवरची पट्टी, मांडीवर आरसे लावलेली एक पिशवी.

"आव, बेस," ती गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत म्हणाली. ये, बस.

मी पिशवी हातात घेतली. लाल कापडावर पिवळे-निळे टाके, इतके बारीक की आमच्या शिवणाच्या सिस्टरनी वर्गभर फिरवून दाखवली असती.

"उद्याच्या हर्राशीत ठेवतो हे," जमुना म्हणाली. हर्रास म्हणजे लिलाव. "सलीमभाई मेकॅनिक म्हणते, इंजनाचं सामान आलं का सोमवारी गाडी दारात उभी करतो. नाही तं आहेच आपली एसटी."

सोमवार आणि गुरुवार हे तिचे डायलिसिसचे वार.

शनिवारी मैदान फुललं. तांड्यातल्या बायकांनी रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती, ऐंशी रुपयांत पोटभर. गावातल्या मुस्लिम बायकांचा शीरखुर्मा तासाभरात संपला, आणि मागे राहिलेले लोक पातेल्यात डोकावून हळहळत होते. सलीमभाई मेकॅनिकने इंजिनाचे सुटे भाग चादरीवर मांडून ठेवले होते. जो येईल त्याला तो सांगायचा, "हे पिस्टन पाहा भाऊ. याच्यातच जान नाही, तं गाडी कशी पळन?"

दुपारपर्यंत सामानापुरतेही पैसे जमले नव्हते. जमुना येणाऱ्यांकडे पाहत होती. मग तांड्याच्या नायकांनी माईक घेतला आणि पिशवी वर धरली.

बोली चढत गेली. मला राहवेना. एकवीसशेवर मी हात वर केला, नायकांनी तीन वेळा पुकारलं आणि पिशवी माझी झाली! शाळेच्या फेटमध्ये, म्हणजे आनंदमेळ्यात घेतलेली वस्तू सिस्टर खाकी कागदात बांधून द्यायच्या, ती छातीशी धरून आम्ही धावत जायचो. तशीच मी पिशवी पर्समध्ये घातली आणि जागेवर येऊन बसले.

सगळं मैदान माझ्याकडे पाहत होतं.

"काहून व विजू, भरून कायले राह्यली?" कमलने चिमटा काढला.

"मी घेतली ना?"

"बाई, थे वापस द्या लागते!" नायक माईकवरूनच म्हणाले. "कोंबडी हाये का, एकडाव कापली का संपली?"

मैदान हसून लोटपोट. इथली रीत अशी की बोली जिंकायची, पैसे द्यायचे आणि वस्तू पुन्हा बोलीवर ठेवायची. ठेवून घेणारी मीच पहिली. कानाच्या पाळ्या लाल करून मी पिशवी परत नेली. मग मात्र जो जिंकेल तो माझ्याकडे वळून विचारायचा, "ठेवू का मॅडम, का देऊ?" आणि माझ्यावर हसायला मिळावं म्हणूनच की काय, हात वर होत राहिले. एका कापूस व्यापाऱ्याने तर तीनदा बोली जिंकली.

शेवटी सलीमभाई उठला. "नायकसाब, माही बोली लिखो. इंजनाची पुरी मजुरी."

त्याच्यावर कोण चढणार? सामानाचे पैसे तोवर जमले होते, आता मजुरीही मिटली. "पिशवी मी देत नाही," तो म्हणाला. "गाडीत लटकवतो. पेशंटच्या फायली ठेवायले."

बायकांनी फेर धरला. जमुनाही उठली. कमल ओरडली, "हात दुखन तुहा!"

"हात दुखते, पाय कुठी दुखते?" म्हणत ती फेरात शिरली.

रविवारी दुकान उघडायला लावून सामान आणलं आणि सोमवारी उजाडताच सलीमभाई स्वतः गाडी घेऊन दाराशी आला. मीही यवतमाळपर्यंत त्याच गाडीने गेले. जमुना पुढे बसून सलीमभाईला खड्डे दाखवत होती. तो म्हणाला, "ताई, तूच चालव ना मंग."

घरी आल्यावर सूनबाईने विचारलं, "एकवीसशे दिले, मग वस्तू कुठंय?" मी तिला रीत समजावली, पण तिला काही ती पटली नाही. मला तरी लगेच कुठे पटली होती? इतकी वर्षं मी दिलेल्या पैशाच्या बदल्यात काहीतरी खाकी कागदात बांधून घेऊनच घरी आले.

गुरुवारी संध्याकाळी फोन वाजला. जमुना होती.

"विजूताई, आज येताना झोप लागली मले गाडीत. पार घर येईपर्यंत."