शेवंतीमावशीचं पाणी

शेवंतीमावशी कारखान्यात पाणी पीत नसे. वेंगुर्ल्याच्या त्या काजूच्या कारखान्यात सकाळी शिरली की सुटेपर्यंत घशाखाली थेंब नाही. मे महिन्यात पत्र्याखाली आमची डोकी उकडायची आणि ही बया शांतपणे काजूगरांची साल काढत बसलेली! पहिल्याच दिवशी मी बाटली तोंडाला लावली तर म्हणाली, "पी गो, पी. चावी मागूक गेलंस काय कळतला."

संडासाला कुलूप असायचं. बायका आत जाऊन काजूगर लपवतात, असा सुपरवायझरचा संशय. चावी त्याच्या टेबलावर, चार पुरुषांदेखत मागायची. वर तो विचारणार, "मघाशीच गेली होतीस ना?" मेल्याला जनाची नाही, मनाचीही नाही! म्हणून आम्ही सगळ्याच तहान मारायला शिकलो.

मावशीचं एक पालुपद होतं, "बरा आसा." वादळात घराची कौलं उडाली, तरी बरा आसा. मला भारी चीड यायची.

मी गरोदर होते. सातव्या महिन्यात लघवीची आग आणि ताप अंगावर काढत होते. एके दिवशी कामावरच चक्कर येऊन पडले. डॉक्टरीणबाईंनी खडसावलं, "पाणी पी, नाहीतर बाळाला धोका आहे." काम सोडणं परवडणारं नव्हतं. हे मी मावशीला सांगितलं. त्यानंतर दोन दिवस ती "बरा आसा" म्हणाली नाही.

त्याच आठवड्यात ओरोसच्या जिल्हा कचेरीतून एक मॅडम आल्या. कामगार बायका समाधानी आहेत का, हे त्यांना लिहून न्यायचं होतं. सुपरवायझर त्यांच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून उभा. एकेक जण जाऊन "बरा आसा" सांगून येत होती. माझी पाळी आली. त्याने रोखून पाहिलं आणि मीही तेच म्हणाले. अजून स्वतःची लाज वाटते.

मग मावशी उठली.  तिने मॅडमसाठी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला आणि वरून घटाघटा सगळा रिकामा केला. आमचे हात थांबले. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "सायबानू, माका मुताक जावचा आसा. चावी होयी."

तो कसनुसा हसला. मावशीचा हात पुढेच. मॅडमनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. आता हिचं काम गेलं, असंच मला वाटलं. शेवटी त्याने चावी दिली. तिने ती माझ्या मुठीत कोंबली. "तू आदी जा गो."

दुसऱ्या दिवशी कुलूप गेलं आणि मावशीला बी फोडायच्या कामावर टाकलं. टरफलातल्या तेलाने तिची बोटं काळी पडली, सोलली. विचारलं तर म्हणे, "बरा आसा."

माझी मुलगी सुखरूप जन्मली, आता शाळेत जाते. गेल्या वर्षी मावशी ओरोसच्या इस्पितळात होती. मूत्रपिंडं निकामी झालेली. डॉक्टर पाणी मोजून देत होते. कोरड्या ओठांनी ती हसली. "बघ गो, आता कुलूप नाय, तर पाणी नाय."

मला हुंदका आवरेना. तिने माझा हात धरला.

"तुजा चेडू शाळेत पाणी पिता मा?"

"पितं, मावशी. बाटली संपवून येतं."

"मगे बरा आसा," ती म्हणाली. आमची ती शेवटची भेट.