तीन नंबरवरची टीप

ज्योत्स्ना ताकसांडेला त्या आठवड्यात झाडलोटीचं काम मिळालं होतं. हातात झाडूऐवजी लॅपटॉप, एवढाच काय तो मान. पुलगावच्या घरात जेवणाच्या टेबलाची एक कड अडवून ती नऊ वर्षं एकाच कंपनीचं एकच सॉफ्टवेअर सांभाळत होती. दूध संकलन केंद्रांतली मशीनं केव्हा सुरू झाली, केव्हा बंद झाली, याची नोंद ठेवणारं. त्यातल्या जुन्या कॉमेंट्स आता तिने आवरायच्या होत्या. कॉमेंट म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याने मागून येणाऱ्यासाठी लिहून ठेवलेली टीप. मशीन ती वाचत नाही आणि माणसंही अडल्याशिवाय वाचत नाहीत. अशा चार हजार टिपा. पाठीला रग लागली होती, डोळे चुरचुरत होते आणि दिवसभर काय केलंस, असं कोणी विचारलं असतं तर दाखवायला काहीच नव्हतं.

दुपारी फोन वाजला. तळेगावच्या केंद्रावर दूध मोजणारा कवडू. वऱ्हाडी समजणारी तीच एकटी, म्हणून तिकडचे फोन कंपनी तिच्याच गळ्यात घालायची.

“ताई, म्या मशीन बंद नाई केली वो. डेअरीवाले मले काढून राह्यले. सोमवारी आखरी सुनावणी हाय.”

हा त्याचा चौथा फोन. वर्षात एक्केचाळीस वेळा, ऐन दूध मोजताना, कर्मचाऱ्याने मशीन बंद केलं, असं कंपनीने डेअरीला दिलेल्या अहवालात होतं. म्हणजे मापात चोरी. बावीस वर्षं दूध मोजणारा माणूस गावात चोर ठरला होता.

“कवडूभाऊ, किती वेळा सांगू? मशीनची नोंद खोटी नसते.” आधीच्या तिन्ही वेळा ती हेच म्हणाली होती.

“लाइट गेल्यावर मेन पाडतो मी, ताई. आधी नाई.”

“बघते,” म्हणून तिने फोन ठेवला. बघणारबिघणार काही नव्हती. दमलेल्या माणसाचं ‘बघते’ ते.

चारच्या सुमाराला, हजार-बाराशे टिपा मागे टाकल्यावर, ती एका ठिकाणी अडली. मशीन कसं बंद झालं, त्याच्या प्रत्येक प्रकाराला एक आकडा होता. तीन नंबरवर टीप होती : माणसाने मेन बंद केला. खालचा कोड मात्र भलतंच सांगत होता. मशीन पुन्हा सुरू झालं आणि आधी बंद झाल्याची नोंद सापडली नाही, की तीन लिहायचं. बस्स. लाइट गेली, वायर निघाली की कोणी मुद्दाम केलं, यातलं मशीनला काही ठाऊक नव्हतं. टिपेशेजारी नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि आद्याक्षरं ज्योत्स्नाचीच होती.

नोकरीचा पहिला महिना होता तो. विचारायला कोणी नव्हतं. मशीन चालता चालता मेलं, तर काय झालं असेल? पुलगावात वाढलेल्या पोरीला त्यात विचार करण्यासारखं काय होतं! इथे लाइट गेली की घरातलं कोणीतरी उठून आधी मेन खाली पाडतं, कारण परत येताना ती फ्रिज जाळेल की टीव्ही, याचा नेम नाही. तिच्या घरी हे काम बाबांचं. मशीन मेलं म्हणजे लाइट गेली आणि कोणीतरी मेन पाडला, असं धरून तिने टिपेत तेवढंच लिहिलं. मेन पाडणं म्हणजे तिच्या लेखी शहाणपण. पुढे अहवाल बनवणाऱ्या कोणीतरी दूर पुण्यात बसून तीच टीप वाचली आणि शहाणपणाचा गुन्हा झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर तिने वळलेला. तिला स्वतःची शरम वाटली.

तिने राकेशला फोन केला. हा तिचा वरिष्ठ, पुण्यातून शेळ्या हाकणारा.

“डिलीट कर ना,” तो म्हणाला. “तेच तर काम दिलंय तुला. अहवालातला शब्द पुढच्या महिन्यात गुपचूप बदलू. डेअरीला कळवायची गरज नाही. आणि टिपेवर नाव तुझंच आहे, ज्योत्स्ना.”

खोटं नव्हतं. एक ओळ पुसली की संपलं; जुन्या आवृत्त्या उकरायला कोण जातं? तिला राग आला, पण रागवायलाही अंगात त्राण लागतं. टीप पुसून तिने खरी लिहिली. मग डेअरीला पत्र लिहिलं : तीन नंबरवरून मशीन कोणी बंद केलं हे कळत नाही, चुकीची टीप माझी. खाली पूर्ण नाव घातलं. नोकरीचं व्हायचं ते होवो.

मग कवडूला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“म्हंजे म्या नव्हती केली?”

“नाही, भाऊ. चूक माझी होती.”

“मलेच वाटाले लागलं होतं, ताई, का मीच कधी बंद करत असन. येवढी शिकलेली मानसं सांगून राह्यली तं... जिजाले सांगा. तीन महिने झाले, बोलत नाई थे माह्याशी.”

त्याने फोन बायकोकडे दिला. ज्योत्स्नाने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

“आता सांगून राह्यल्या तुमी,” जिजाबाई म्हणाली. “अख्खं गाव त्याले चोर म्हनते. म्याबी म्हटलं. मंग हे कोनाकोनाच्या घरी जाऊन सांगू आता?”

“मी येते सांगायला,” ज्योत्स्ना म्हणाली.

“दूध घालाच्या टायमाले येजा,” जिजाबाई म्हणाली. “सारे असतात तवा.”