पांगाऱ्यातला शेंदरी डबा

आमच्या बाईंना माणसं फारशी आवडत नसत. कॉलेजात त्यांनी आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर "आता तरी शिका" म्हणून दर रविवारी कळंब्याच्या तळ्याकाठच्या पायवाटेवर पिटाळलं. कुणी कौतुकानं "किती छान झाड!" म्हणालं की बाई वळून म्हणायच्या, "झाड हाय ते मलाबी दिसतंय. नाव सांग."

मोबाईलवर ठिकाण बघून लपवलेला डबा हुडकायचा, हा जिओकॅशिंगचा खेळ त्यांनी साठीनंतर उचलला. वाटेवरच्या झाडांत डबे दडवले. डबा हाती लागला तरी झाड ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा त्यांचा कायदा. आम्ही दिवटे पांगाऱ्याला हटकून पळस म्हणायचो. "लाल फूल दिसलं की पळस! फांदीवर हात फिरवा, काटा टोचला की पांगारा. टोचल्याबिगर तुमच्या डोस्क्यात काय शिरणार न्हाय."

त्या पांगाऱ्यावर त्यांचा जीव. त्याच्या ढोलीतला पत्र्याचा डबा गंजू नये म्हणून त्यांनी घरच्या फाटकाचा उरलेला शेंदरी ऑइलपेंट त्याला फासला. एवढी हुशार बाई, पण कोल्हापुरात शेंदरी रंग झाडाच्या ढोलीत ठेवू नये, एवढं काही सुचलं नाही. थोड्याच दिवसांत डब्यापुढे हळदकुंकू पडलं, मग नारळ, मग घंटा. बाई खदाखदा हसल्या. "आत गोट्या आणि खोडरबर हाय. पुजा म्हणावं!"

मग वाट रुंद करायला माणसं करवती घेऊन आली. फिरायला येणाऱ्या बायका झाडापुढं आडव्या झाल्या. मुकादम वैतागून बाईंकडे वळला, "बाई, तुमी शिकल्याल्या. तुमीच सांगा, ह्यो देव हाय का डबा?"

बाईंनी पांगाऱ्याकडे पाहिलं. "देव हाय," म्हणाल्या. "जागृत हाय."

करवती परत गेल्या. मला बाईंचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू! त्या मात्र मागं न बघता तरातरा घरी निघाल्या.

जागृत म्हटल्यावर भक्तांना ऊतच आला. बुंध्याला घट्ट सिमेंटचा कट्टा, त्यावर चकचकीत फरशी, खोडात खिळे ठोकून दिव्यांची माळ. वर पाटी, 'श्री पळसोबा प्रसन्न'. धन्य! मुळांना पाणी मिळेना, फांद्या वाळू लागल्या. बाई तिथं जाऊन कडाडल्या, "अरे मुडद्यांनो, देव न्हाय, माझा डबा हाय त्यो! फरशी काढा, झाड मरतंय!"

कट्ट्यावरच्या भक्तानं हात जोडले. "बाई, तुमीच म्हणालासा की जागृत हाय. आता देवाला डबा म्हणू नगासा."

त्या उन्हाळ्यात झाड वठलं. भक्तांना पत्ता नाही, आरती जोरात चालू. पुढे बाईंनीही अंथरूण धरलं. भेटायला गेलो तर भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "कापू दिलं असतं तर बुडातनं परत फुटलं असतं रे. पांगारा फुटतोय. मी देव केला आणि मारलं."

"बाई, तुम्ही वाचवायलाच गेला होता की," मी म्हणालो.

"गप बस," बाई म्हणाल्या. ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.