पोपटाची शिकवणी

केरात राखाडी पिसं दिसायला लागली तेव्हा आईचा पहिला संशय उशांवर गेला. तिने घरातली एकूण एक उशी दाबून पाहिली. आमच्या सगळ्या उशा कापसाच्या आहेत हे शेवटची उशी हातात आल्यावर तिला आठवलं. मग आम्ही दोघींनी पिंजऱ्याकडे पाहिलं. पोपट मान खाली घालून छातीवरचं एक पीस चोचीत धरून खेचत होता. पीस निघालं. त्याने ते जरा न्याहाळलं आणि आपण पोह्यांतला कढीपत्ता बाजूला काढतो तसं खाली टाकून दिलं.

पोपट आफ्रिकन ग्रे जातीचा. अंग राखाडी, शेपूट लालभडक. माझा मामेभाऊ कायमचा कॅनडाला निघाला तेव्हा त्याने तो कागदपत्रांसकट आमच्या नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवला. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. उभा जन्म त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं आणि आता घरात शिकवण्यासारखं कोणी उरलं नव्हतं. मी विमा कंपनीत नोकरी करते, माझ्या गणिताचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आईने तर लग्नानंतरच सांगून टाकलं होतं, की हिशेब तुम्ही ठेवा, पैसे मी ठेवते. त्यामुळे पोपट आला आणि बाबांचा वर्ग पुन्हा भरला.

पहाटे उजाडायच्या आत पिंजऱ्यावरचं कापड निघायचं. बाबा अंघोळ करून, शर्ट खोचून खुर्चीत बसायचे. "बे एके?" ते विचारायचे. पोपट कुकरची शिट्टी वाजवायचा. "बे दुणे?" तो दाराची बेल वाजवायचा आणि मी अर्धवट झोपेत दार उघडायला जायचे. पाढा काही त्याच्या तोंडून येत नव्हता. वर्गात बाबा सगळ्यांत जास्त वेळा जे म्हणायचे तेवढंच एक तो शिकला होता, तेही हुबेहूब बाबांच्या आवाजात, "बस खाली!" दुपारी उजळणी असायची, संध्याकाळी पुन्हा तास. रात्री टीव्हीवरच्या चर्चेतले सगळे भांडून दमेपर्यंत पिंजरा बाबांच्या खुर्चीला लागून. एवढ्या गडबडीत त्याचं नाव ठेवायचंही राहून गेलं. आई-बाबांचं कशावर एकमत होईना, म्हणून तो पोपटच राहिला.

"पिसं झडणं नैसर्गिक आहे," बाबा म्हणाले. "नवीन येतात."

नवीन आली नाहीत. आधी छाती उघडी पडली, मग पोट, मग दोन्ही मांड्या. डोकं मात्र शाबूत. मानेच्या वर तो रुबाबदार पोपट होता आणि मानेच्या खाली चिकन सेंटरमधला माल. वरच्या मजल्यावरच्या काकू विरजण मागायला आल्या आणि वाटी हातात तशीच धरून बघत राहिल्या.

"अगं, उपाशी ठेवता का काय त्याला?"

आईला हे फार लागलं. तिच्या हातून उपाशी राहण्याचं भाग्य आजवर कोणाला लाभलेलं नाही. काकू वर पोचायच्या आत तिने खोबरेल तेलात हळद कालवली. बाबांनी पोपटाला टॉवेलात धरला आणि तिने त्याला चोपडून काढलं. पोपटाने सुटल्या सुटल्या पंख झाडले. पडदा, सोफा आणि बाबांचा पांढराशुभ्र सदरा यांवर पिवळे ठिपके उठले, ते आजही तिथेच आहेत. दुसऱ्या दिवशी आईने मीठ-मोहरी-मिरच्यांनी त्याची दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आम्हा तिघांना लागला. पोपटाने तो ऐकून पाठ केला आणि पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात कोणीतरी सतत खोकत असायचं.

शेवटी आईने बाबांचा लोकरी मोजा घेतला, टाचेकडून कापला, पंखांना भोकं पाडली आणि पोपटाला स्वेटर केला. पोपटाने तो संध्याकाळपर्यंत अंगावर ठेवला खरा, पण एकेक धागा उसवत. शेवटी पिंजऱ्यात लोकरीचा ढीग आणि त्यावर उघडाबंब पोपट. त्या दिवशी मात्र पिंजऱ्याखाली एकही पीस पडलं नव्हतं. हे आईने पाहिलं, बाबांनी पाहिलं, मीही पाहिलं. अर्थ कोणालाच लागला नाही.

मग एका रविवारी आम्ही पिंजरा चादरीत गुंडाळला आणि रिक्षाने गंगापूर रोडला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे निघालो. द्वारका चौकाच्या कोंडीत चादरीतून जोरात आवाज आला, "बस खाली!" रिक्षावाल्याने आरशातून बाबांकडे पाहिलं. "बसलोयच ना काका," तो म्हणाला.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान, केस वर बांधलेली मुलगी होती. बाबांनी तिला सरळ "काय गं बाळ, डॉक्टर कुठे आहेत?" असं विचारलं. ती म्हणाली, "मीच." त्यानंतर बाबा तिला अहो-जाहो करू लागले, पण नाइलाजाने.

तिने पोपटाला हलक्या हाताने धरलं, भिंगातून कातडी पाहिली, वजन केलं, कसले कसले नमुने घेतले. उवा नव्हत्या, बुरशी नव्हती. "डोक्यावरची पिसं नीट आहेत बघा," ती म्हणाली. "तिथे त्याची चोच पोचत नाही. म्हणजे हे सगळं तो स्वतःच करतोय. आता मला त्याचा दिवस सांगा."

बाबा उत्साहाने सांगू लागले. खाणं? सूर्यफुलाच्या बिया. अंघोळ? ती नाही. झोप? बातम्यांनंतर. उठणं? पहाटे, पाढ्यांच्या आधी.

"कशाच्या आधी?"

"पाढ्यांच्या." बाबांनी प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. ते पिंजऱ्याकडे झुकले आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "बे एके?"

"बस खाली!" पोपट गरजला.

आणि डॉक्टर खरंच बसली. तिचं तिलाच कळलं नाही. मग तिला इतकं हसू फुटलं, की कंपाउंडर दारातून डोकावून गेला. "सॉरी काका," डोळे पुसत ती म्हणाली, "आम्हालाही असेच एक सर होते."

हसून झाल्यावर तिने नीट समजावून सांगितलं. या पोपटाला अंधारात, शांततेत दहा-बारा तास झोप लागते. ती मिळत नाही म्हणून तो चिडचिडा झालाय. नुसत्या बियांनी त्याचं पोषण होत नाही. भाज्या, फळं, थोडं धान्य द्या. रोज पाण्याचा फवारा मारा. तेल पुन्हा लावू नका. मोज्याची गोष्ट ऐकून तर ती एकदम सरसावून बसली. "बघा ना, फाडायला काही मिळालं तर तो स्वतःला फाडत नाही. पुठ्ठा द्या, मक्याची कणसं द्या. आणि पीस उपटताना दिसला तर तुम्ही काय करता?"

"मी धावत जातो, ओरडतो," बाबा म्हणाले.

"म्हणजे पीस उपटलं की सर येतात, हे तो शिकलाय. लक्षच देऊ नका. आणि काका, तूर्त शिकवणी बंद."

बाबांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांचा एकच विद्यार्थी पहिल्याच धड्याला पास झाला होता आणि तोही भलत्याच विषयात. आई मात्र पुढे सरकली. "डॉक्टर, बातम्या बंद आणि दिवसभर मागे लागायचं नाही, हे जरा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या," ती म्हणाली. "हे माझं ऐकत नाहीत."

घरी शांतता आली. पिंजरा मागच्या खोलीत गेला, संध्याकाळ झाली की त्यावर कापड. पोपट भोपळी मिरचीच्या बिया चाटूनपुसून खाऊ लागला. फवारा मारला की पंख पसरून उलटा लटकायचा. आणि बाबा? बाबा स्वयंपाकघरात गेले.

त्यांनी आधी आईचे डबे उंचीनुसार लावले. मग ते अक्षरांनुसार लावले. मेथीशेजारी मोहरी आली आणि जिरं कुठल्या कुठे गेलं. कुकरच्या शिट्ट्यांमधलं अंतर मोजून गॅस किती वाया जातो हे त्यांनी आईला सिद्ध करून दाखवलं. ती पोळ्या लाटत असताना ते शेजारी उभे राहून परीघ किती यावा ते सांगायचे. आईने एका सकाळी लाटणं खाली ठेवलं, बाल्कनीत गेली आणि डॉक्टरला फोन लावला. मी ऑफिसला निघता निघता ऐकलं.

"अहो डॉक्टर, दिवसातून थोडा वेळ तरी पाढे चालतील का हो? नाही, पोपट बरा आहे. माझं काही खरं नाही."

डॉक्टरने मधला मार्ग काढला. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवायचं, बाबांनी जवळ बसायचं. पोपट आपणहून आला तर वर्ग, नाही तर सुट्टी.

बाबांनी आयुष्यात विद्यार्थ्याची वाट कधी पाहिली नव्हती. त्यांच्या वर्गात घंटेआधी मुलं बाकावर असायची. आता ते मागच्या खोलीत सतरंजीवर बसून राहायचे. दिंडोरीच्या एका जुन्या विद्यार्थ्याने बागेतली द्राक्षं पाठवली, ती फवारणीची असतील म्हणून तीनतीनदा धुऊन त्यांनी ताटलीत ठेवली. पोपट आतूनच बघायचा. बाबा कंटाळून शेजारचा पुठ्ठा फाडत बसायचे. मी एकदा म्हटलं, "बाबा, बोलवा ना त्याला." ते म्हणाले, "नको. येईल तेव्हा येईल." हे बाबा बोलत होते.

आणि तो आला. मी दारातच होते. दाराच्या कडेवर जरा थांबून तो खाली उतरला, डुलत डुलत सतरंजीवरून चालत आला आणि बाबांच्या गुडघ्यावर चढला. बाबा श्वास रोखून बसले. पोपटाने त्यांच्या हातातला पुठ्ठा ओढला, एक तुकडा तोडला आणि पुढचा तोडायला घेतला. "म्हणा पाढा," मी हळूच म्हटलं. बाबांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. दोघं मिळून चपलांचं अख्खं खोकं फाडून बसले. चुरा मी काढला.

पिसं हळूहळू आली. आधी छातीवर करडा कापूस, मग एकेक नीट पीस. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं तेव्हा त्याने पुन्हा थोडी उपटली. डॉक्टर म्हणाली, असं अधूनमधून होणारच, घाबरू नका. डाव्या मांडीवर मात्र काही उगवलं नाही. फार वेळा उपटल्यावर तिथली मुळंच जातात म्हणे. पाढे मागे पडले. बाबा सकाळी खोकी शोधायला बाजारात जातात, दुकानदारांशी पुठ्ठ्याच्या जाडीवर चर्चा करतात आणि जेवायच्या वेळेला परत येतात. आईला तेवढा वेळ मिळतो. जिरं पुन्हा जाग्यावर आलंय.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईने पिंजरा बाहेरच्या खोलीत ठेवू दिला, अगदी थोड्या वेळासाठी. बायका पोपटाभोवती जमल्या. कोणीतरी विचारलं, "या पायाला काय झालं हो याच्या?"

"तो तसाच राहणारे," आई म्हणाली, आणि त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून पुढे सरकली.