बेचाळीस शब्दांचा अर्ज

मंगळवार, ३ मार्च २००९. गोदामाच्या आवक नोंदवहीत या तारखेसमोर एकच अर्ज चढवलेला आहे. अर्जदार हमाल होता, अर्ज इंग्रजीत होता, आणि अर्जदाराला तो वाचता येत नव्हता. लिहून देणारा त्याचा मेव्हणा, त्याच गोदामाच्या मुख्य कचेरीतला पत्रलेखक.

कचेरीत या गृहस्थाला 'शब्दकोश' म्हणत. थट्टेने मिळालेले हे नाव तो पदवीसारखे मिरवी. सकाळी दाढी करताना आरशाच्या चौकटीत खोचलेल्या कागदावरचे दहा अवघड इंग्रजी शब्द तो घोकून काढी आणि दिवस मावळायच्या आत ते दहाही कुठल्या ना कुठल्या पत्रात कोंबी. पत्रातून बाहेर पडला म्हणजे शब्द आला, असा त्याचा नियम होता. मग पत्र फाटक्या पोत्यांबद्दल असो की तुंबलेल्या मोरीबद्दल. आपल्याला सहा हजार शब्द येतात, असे तो सांगत असे. शब्द उतरवायच्या त्याच्या अकरा वह्या मोजल्या असता चार हजार एकशे अठरा नोंदी भरतात. त्यांतले तीनशे नऊ शब्द दोनदा किंवा तीनदा आले आहेत, आणि दर वेळी पुढे लाल शाईत 'नवीन' असा शेरा आहे. स्वतःच्याच घरी दर महिन्याला पाहुणा म्हणून येणाऱ्या माणसाचे हे पाठांतर होते.

त्याची धाकटी बहीण, म्हणजे हमालाची बायको, घरी शिलाईकाम करी. नवऱ्याचा उजवा खांदा धरला होता; हात कानापर्यंतही वर जात नव्हता. पोती उचलणे थांबले नाही तर हात कामातून जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. गोदामाच्या फाटकावर बसून गाड्या टिपायची एक जागा रिकामी होती आणि ती सोळा मार्चला भरायची होती. अर्ज कोणत्याही भाषेत चालेल, असे सूचनाफलकावर स्पष्ट लिहिले होते. बहिणीने कापडाच्या मापांच्या वहीतले पान फाडून त्यावर मराठीत चार ओळी लिहिल्या आणि केवळ नजर फिरवायला म्हणून भावाकडे नेल्या.

"हे काय? चौथीतल्या मुलानं लिहिल्यासारखं?" भाऊ हसला. "खांदा दुखतो, फाटकावर बसवा! अगं, साहेबासमोर जायचंय हे."

"साहेबाला कळलं म्हणजे झालं, दादा."

"कळण्यासारखं लिहिलं तर तुझी पत्रास कोण ठेवेल?"

तिने पान घडी करून सोबतच्या शिवायच्या ब्लाउजच्या कापडात ठेवले. भावाने त्या दिवसाचे दहाही शब्द एका वाक्यात बसवले. वाक्य बेचाळीस शब्दांचे झाले. त्यात खांदा नव्हता, पोते नव्हते, फाटकही नव्हते. मधोमध 'अमेलिओरेशन' हा शब्द मात्र नवरदेवासारखा बसवला होता.

गोदामाच्या साहेबांना त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. अशा वेळची रीत ठरलेली होती. मत निःपक्षपाती यावे म्हणून अर्जदाराचे नाव गाळून फक्त अवघड वाक्य एका चिठ्ठीवर उतरवायचे आणि अर्थ विचारायला मुख्य कचेरीत शब्दकोशाकडे पाठवायचे. बारा मार्चला चिठ्ठी त्याच्या टेबलावर आली. शिपाई उत्तरासाठी समोर उभा होता. कुणासमोर पुस्तक उघडून अर्थ पाहणे म्हणजे शब्दकोशाचे नाक कापले जाणे. त्याने वळणदार अक्षरात उत्तर लिहिले: 'अर्जदार सध्याच्या कामाबद्दल समाधान व्यक्त करतो. कार्यवाहीची गरज नाही.'

सोळा तारखेला फाटकावर दुसरा माणूस बसला. सतराला हमालाचा अर्ज परत आला. चिठ्ठी त्याला टाचलेली होती. बहिणीने अक्षर पाहिले. याच अक्षराशेजारी बसून तिने शाळेची आठ वर्षे अभ्यास केला होता. ती तशीच भावाच्या घरी गेली.

"दादा, हे कुणाचं अक्षर?"

"माझंच. रोज ढीगभर चिठ्ठ्या येतात. कुणाकुणाची म्हणून लक्षात ठेवू?"

"वाक्यही तुझंच आहे."

"चिठ्ठीवर नाव नसतं गं!"

"नाव नव्हतं. शब्द तर तुझेच होते ना?"

तो नेहमीच्या सुरात म्हणाला, "मुळात त्या साहेबाला इंग्रजी येत असतं, तर ही वेळच आली नसती."

"त्यांना येत नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं. तू कुणाला विचारलंस?"

टेबलावर अकरावी वही पडली होती. बहिणीने हातातल्या अर्जाशी अक्षर अन् अक्षर ताडत पाने उलटली. तीन मार्च: 'अमेलिओरेशन', सुधारणा, नवीन. बारा मार्च, शेवटची ओळ: 'अमेलिओरेशन', सुधारणा, नवीन. तिने वही उघडीच ठेवली आणि निघताना एवढेच म्हणाली, "आता तरी पाठ झाला असेल."

हमाल जूनपर्यंत पोती वाहत राहिला. त्यानंतर त्याचा उजवा हात शर्टाच्या गुंडीपर्यंतही पोहोचेना. गुंड्या बायको लावते. भावाच्या वह्या पंधरापर्यंत गेल्या असल्याचे ऐकिवात आहे. पडताळता आलेले नाही.

इतके कागदांवरून सांगता येते. बारा तारखेला भावाने योग्य अर्थ वहीत उतरवल्यानंतर जागा भरायला चार दिवस उरले होते. अर्थ लिहिताना चिठ्ठीतले वाक्य आपलेच आहे हे त्याला ओळखू आले होते का, आणि आले असेल तर त्या चार दिवसांत तो गोदामात का गेला नाही, हे अद्याप माहीत नाही.